तोरणावर रोखलेली तोफ

रणगाड्याने आधी मान खाली घातली. म्हणजे तोफ खाली केली, पार फरशीला टेकेपर्यंत, आणि तसाच थांबला. समोर तीन मीटरवर एका स्टँडवर नारिंगी रंगाचं गोल झाकण लावलेलं होतं. ते झाकण स्वतः शोधायचं, किती लांब आहे ते मोजायचं आणि त्यावर स्पंजची गोळी झाडायची, एवढंच त्याला करायचं होतं. आणि तो फरशी बघत बसला होता.

"नमस्कार करतोय का?" कर्नल जगदाळे साहेबांनी विचारलं.

आमचे मालक लिमये सर मोठ्याने हसले. मी हसले नाही, कारण मला कारण दिसलं होतं. दसऱ्याचा दिवस होता. सकाळी पूजेच्या वेळी आमचं ऑफिस सांभाळणाऱ्या कुलकर्णी काकूंनी सगळ्या यंत्रांना हार घातले होते, तसा रणगाड्यालाही घातला होता. त्या हारातला एक टपोरा झेंडू बरोबर कॅमेऱ्याच्या समोर लोंबत होता. रणगाड्याला आम्ही शिकवलं होतं की नारिंगी दिसलं की त्यावर नेम धर. त्याला नाकासमोरच नारिंगी दिसत होतं, बिचाऱ्याने तिथेच नेम धरला. फूल अगदी जवळ म्हणून तोफ पार खाली गेली, आणि इतक्या जवळ झाडायचं नाही असंही आम्हीच शिकवलं होतं.

मी हार मागे सरकवला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शकीलने रिसेटचं बटण दाबलं. तोफ वर आली, डावीकडून उजवीकडे फिरायला लागली, झाकणावरून सरळ पुढे गेली आणि दारावरच्या तोरणावर येऊन ठाम थांबली. हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे निशाण सापडलं. मग तोफेने जेवढं वर बघता येईल तेवढं वर बघितलं आणि गोळी झाडली. गोळी छान कमान करून तोरणाखालून गेली आणि दारात उभ्या असलेल्या काकूंच्या हातातल्या पेढ्यांच्या ताटात पडली. काकूंनी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि ताट पुढे केलं.

कर्नल साहेबांनी पेढा घेतला. "पाचातली एक गेली," ते म्हणाले.

पाच गोळ्यांपैकी तीन झाकणावर लागायला हव्यात, अशी त्यांची अट होती. आता चारात तीन लावायच्या होत्या, आणि खोलीत जिकडे बघावं तिकडे झेंडू होता.

आता थोडं मागे जाते. आमची कंपनी कर्वेनगरमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती. आम्ही वजनकाट्यांचे डिस्प्ले बनवायचो, म्हणजे किराणा दुकानात काट्यावर जे लाल आकडे दिसतात ते. मी पाच वर्षं कॅलिब्रेशनला होते. कॅलिब्रेशन म्हणजे काट्यावर एक किलोचं वजन ठेवायचं, आकडा एक किलो येतो का बघायचं, नसेल येत तर येईपर्यंत एक बारीक स्क्रू फिरवायचा. मग पुढचा काटा. त्या काळात अख्खं शहर हिंजवडीच्या बसमध्ये बसलं होतं. माझ्या बरोबरीच्या मुली कोडिंग शिकून अमेरिकेला जाऊन परत आल्या होत्या. माझा भाऊ दर रविवारी विचारायचा की मानसी, जावाच्या क्लासचं काय झालं. आणि मी स्क्रू फिरवत होते.

अशात लिमये सरांना रोबोटचं वेड लागलं आणि त्यांना कर्नल जगदाळे भेटले. कर्नल साहेब लष्करात तोफा चालवायला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी छंद म्हणून एक क्लब काढला. रविवारी सकाळी मंडळी घरी बनवलेले दोन-दोन फुटांचे रणगाडे घेऊन मैदानात जमायची आणि रिमोटवर लढाया करायची. अडचण अशी झाली की सभासद कमी होत गेले. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलांकडे परदेशात गेलं. लढायला शत्रूच उरला नाही. म्हणून साहेबांना असे रणगाडे हवे होते, जे आपले आपण बघतील, आपले आपण नेम धरतील आणि रविवारी सकाळी वेळेवर हजर असतील.

सरांनी आम्हाला न विचारताच होकार दिला आणि मग मला आणि शकीलला बोलावलं. शकील बागवान आमच्याकडे सर्किट बोर्ड दुरुस्त करायचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, हुशार आणि तोंडाने फटकळ. सरांनी दोघांना स्वच्छ सांगितलं की दसऱ्याला कर्नल साहेब हो म्हणाले तर रोबोटचा विभाग चालू राहील आणि तो तुम्हा दोघांचा. नाही म्हणाले तर दोघंही परत काट्यांवर. त्यात राग नव्हता, ते सरांचं सरळ गणित होतं. पण मला त्या दिवसापासून स्वप्नात लाल आकडे दिसायला लागले.

कामाचे सरळ दोन भाग होते, बघणं आणि मोजणं. बघणं शकीलकडे. त्याच्या कॅमेऱ्यात चित्र अगदी जाडंभरडं दिसायचं, आडवी अठ्ठ्याऐंशी घरं असलेल्या चौकटीच्या वहीसारखं. त्यातली नारिंगी घरं कुठली ते बघायचं. ती डावीकडे असतील तर तोफ डावीकडे वळवायची, उजवीकडे असतील तर उजवीकडे, आणि मधोमध आली की थांबायचं.

मोजणं माझ्याकडे. झाकण किती लांब आहे ते कळल्याशिवाय तोफ किती वर उचलायची ते कळत नाही. स्पंजची गोळी हलकी, ती दोन मीटरवर पोचेपर्यंत खाली यायला लागते. अंतर मोजायला मी आवाज वापरला. माणसाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज रणगाडा समोर सोडतो, तो वस्तूवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. डोंगरात हाक मारल्यावर प्रतिध्वनी यायला वेळ लागतो, तेच हे. फक्त इथे तो वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा.

ते चार महिने मी आयुष्यात विसरणार नाही. मला रोज ऑफिसला जायची घाई असायची, हे पाच वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. शकीलची तोफ सुरुवातीला झाकण सापडलं की डावी-उजवीकडे अशी हलत राहायची की जणू नाही नाही म्हणते आहे. नेम जवळ आला की वेग कमी करायचा, हे त्याला सुचायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी काकू झाकण हातात धरून ऑफिसभर हिंडल्या आणि तोफ त्यांच्यामागे वळत राहिली. काकू स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या तर तोफ दाराकडे तोंड करून त्यांची वाट बघत राहिली. आम्ही दोघं फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

माझं यंत्र पहिल्यांदा बरोबर बोललं तेव्हा मी दिवसभर मिळेल त्याचं अंतर मोजलं. कपाट, पंप, पोस्टमन. लिमये सर खुर्चीत बसलेले असताना एक मीटर चाळीस आले आणि जेवणानंतर त्याच खुर्चीत एक मीटर सदतीस. सर म्हणाले की यंत्रात चूक आहे. मी तीनदा मोजून दाखवलं.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शकीलचं आणि माझं एका टेबलावर कधीच पटलं नाही. तो माझ्या कोडला हात लावायचा, मी त्याच्या. मग आठवडाभर अबोला. शेवटी सरांनी कंटाळून रणगाड्यात दोन वेगळ्या चिप बसवायला लावल्या, एक त्याची आणि एक माझी. दोन्हींच्या मध्ये फक्त एक वायर. शकीलच्या चिपने त्या वायरवर 'सापडलं' एवढंच सांगायचं, की माझी चिप अंतर मोजणार, तोफ उचलणार आणि गोळी झाडणार. काय सापडलं, केवढं सापडलं, हे विचारायची सोय नव्हती. एका चाळीत राहून भिंतीवर टकटक करून बोलणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखा तो प्रकार होता.

आणि नारिंगी रंग. तो आम्ही उगाच निवडला नव्हता. जून महिन्यात वही घेऊन अख्खं ऑफिस फिरलो. लाल नको, आग विझवायच्या बादल्या लाल. हिरवा नको, खिडकीबाहेर झाडं. निळा नको, सगळ्या खुर्च्या निळ्या. पिवळा नको, काकूंच्या दोन साड्या पिवळ्या. नारिंगी मात्र कुठेही नव्हतं. कर्नल साहेबांना प्रत्येक गोष्ट लेखी लागायची, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये तसं लिहिलं आणि खाली सह्या केल्या. 'चाचणीच्या जागी नारिंगी रंगाची कोणतीही वस्तू आढळली नाही. मानसी गोडबोले. शकील बागवान.'

आता यातली गंमत बघा. शकीलच्या काकांचं मंडईजवळ फुलांचं दुकान. तीन पिढ्या ते लोक दसऱ्याला झेंडू विकत आले आहेत. लहानपणी शकील दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत जायचा नाही, कारण घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे झेंडूची पोती. आमच्या ऑफिसला दरवर्षी फुलं त्यांच्याच दुकानातून यायची. त्या सकाळीही शकील स्वतः स्कूटरवर दोन पोती घेऊन आला. काकूंबरोबर बसून त्याने हार ओवले. तोरण त्याने बांधलं. मी खालून स्टूल धरलं. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आदल्या संध्याकाळी सगळं टेस्ट करून झालं होतं, दहाच्या दहा गोळ्या लागल्या होत्या, आणि पूजेच्या वेळी रणगाडा बंद होता. पूजा ही आमच्या लेखी पूजा होती, टेस्टिंग हे टेस्टिंग.

तर पेढा खाऊन झाल्यावर कर्नल साहेबांनी पिशवीतून आमचा रिपोर्ट काढला, चष्मा लावला आणि ते वाक्य सह्यांसकट मोठ्याने वाचलं. मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. कपाटावर हार, यूपीएसवर हार, पाचही कॉम्प्युटरवर हार, सोल्डरिंग गनला छोटा हार, सरांच्या खुर्चीला मोठा हार.

मी म्हटलं की दोन मिनिटं द्या, आम्ही हार उतरवतो. काकू लगेच म्हणाल्या की आज घातलेला हार उद्या सकाळपर्यंत काढायचा नाही, इतकी वर्षं कधी काढलेला नाही. काकूंना सरसुद्धा घाबरायचे. पण कर्नल साहेबांनीच हात वर केला.

"काढू नका," ते म्हणाले. "शत्रू काय मला विचारून कपडे घालतो का? एक वाजता घरी श्रीखंड-पुरी आहे. पाऊण वाजता मी निघणार. तोपर्यंत काय करायचं ते करा."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

पहिली दहा मिनिटं आम्ही भांडण्यात घालवली. मी म्हटलं, तुझा कॅमेरा आंधळा आहे. शकील म्हणाला, तुझं यंत्र मुकं आहे, समोर तोरण आहे हे त्याला कळू नये? मी म्हटलं, कळतंय की. तोरणाचं अंतर 'नाही' असं आलंय. फुलं मऊ असतात, ती आवाज पिऊन टाकतात, परत काही येत नाही. आणि काही परत आलं नाही तर वस्तू खूप लांब आहे असं समजून तोफ पूर्ण वर उचलायची, असं मी लिहिलंय.

"म्हणजे तुला माहिती होतं की समोर झाकण नाही," शकील म्हणाला.

"मला नाही. चिपला."

"मग चिपने मला सांगितलं का नाही?"

"सांगणार कशी? वायर एकच आहे, आणि ती तुझ्याकडून माझ्याकडे येते."

शकीलने वायरकडे बघितलं. मीही बघितलं. आणि मग मला एकदम दिसलं. कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, पण वस्तू केवढी दिसते ते कळतं. माझ्या यंत्राला वस्तू केवढी ते कळत नाही, पण अंतर कळतं. झाकण एक मीटरवर असताना वहीतली चोवीस घरं रुंद दिसायचं. दोन मीटरवर बारा. तीन मीटरवर आठ. मी शकीलच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं. एक गुणिले चोवीस, चोवीस. दोन गुणिले बारा, चोवीस. तीन गुणिले आठ, चोवीस. झाकण कुठेही ठेवा, उत्तर चोवीसच. तोरण रुंद, त्याचं उत्तर भलतंच मोठं येणार किंवा अंतरच मिळणार नाही. जवळच्या एखाद्या फुलाचं चार-पाच येणार. चोवीस फक्त झाकणाचं.

शकीलने पुठ्ठ्याकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला. चार महिने हे गणित आमच्या दोघांच्या मध्ये पडून होतं. अर्धं त्याच्याकडे, अर्धं माझ्याकडे. आम्ही ते केलं नाही, कारण आम्ही बोलत नव्हतो.

पुढची पस्तीस मिनिटं आम्ही वेड्यासारखं काम केलं. त्याच्या चिपने आता नुसतं 'सापडलं' म्हणायचं नव्हतं. जितकी घरं रुंद, तितक्या टिचक्या त्याच वायरवर मारायच्या. माझी चिप टिचक्या मोजणार, अंतराशी गुणणार, आणि उत्तर चोवीसच्या आसपास नसेल तर लाल दिवा लावून 'पुढे बघ' म्हणणार. 'पुढे बघ' म्हणायला दुसरी वायर हवी होती. शकीलने एक जुना माऊस कापला आणि त्याच्या शेपटीतली एक तार काढून सोल्डर केली. मी कोड लिहायला बसले. माझ्या स्क्रीनवर काकूंनी सकाळी हळदीकुंकवाचं बोट ओढलं होतं, त्यामुळे सातव्या-आठव्या ओळीला सौभाग्य लाभलं होतं. मी मान वाकडी करून त्याच्या कडेने वाचत होते. पुसायला हात गेला तर काकू मागे उभ्या होत्या.

एका क्षणी माझ्या लक्षात आलं की शकील माझ्या कोडमध्ये बोट घालून सांगतोय, इथे अपूर्णांक काढून आकडा गोल करायचं राहिलं, आणि मी त्याला हो म्हणते आहे. आम्ही दोघंही हसत होतो. भीतीने की आनंदाने ते सांगता येणार नाही, पण इतकं मोकळं मी त्या ऑफिसात कधी हसले नव्हते.

तेवढा वेळ सरांनी कर्नल साहेबांना वजनकाटे दाखवले. साहेबांनी पोती तोलायच्या तीन काट्यांवर स्वतःला तोललं. तिन्हींवर एकच वजन आलं याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली. मग काकूंनी त्यांना चहा दिला.

साडेबाराला चिप परत बसवल्या. रणगाडा खोलीच्या मधोमध ठेवला. कर्नल साहेबांनी झाकण स्वतः उचलून कपाटाशेजारी, दोन हारांच्या मध्ये ठेवलं. मी रिसेट दाबलं आणि दोन पावलं मागे सरकले.

तोफ तोरणावर थांबली. लाल. पुढे सरकली, यूपीएसच्या हारावर थांबली. लाल. सरांच्या खुर्चीवर अंमळ जास्त थांबली, सर जरा सावरून उभे राहिले. लाल. कपाटाचा पहिला हार, लाल. मग झाकण. हिरवा. तोफ जराशी उचलली गेली, टप्प आवाज झाला आणि गोळी झाकणावर जाऊन लागली.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. पूजेला आलेली काट्यांवरची मंडळी घरी जायची सोडून दाराशी जमली होती, त्यांनीही वाजवल्या. तिसरी गोळी साहेबांनी झाकण हलवून खिडकीखाली ठेवल्यावर झाडली गेली. यावेळी लाल दिवा लागला की सगळे एका सुरात "नाही" म्हणायला लागले. नाही. नाही. नाही. हिरव्याला सगळे श्वास धरून गप्प. टप्प. लागली. मी आणि शकील एकमेकांचे खांदे धरून लहान मुलांसारख्या उड्या मारत होतो. लिमये सर स्वतःही एक उडी मारून थांबले आणि इकडेतिकडे बघू लागले.

चौथी चुकली. नेम बरोबर होता, पण गर्दी जमली म्हणून कुणीतरी पंखा लावला होता. हलकी गोळी वाऱ्याने झाकणाच्या कडेवरून गेली. मी पंख्याकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले की वारा असतोच.

दोन लागल्या होत्या, दोन गेल्या होत्या. एकच उरली होती, आणि ती लागायलाच हवी होती.

कर्नल साहेबांनी झाकण उचललं आणि शांतपणे दारात नेऊन तोरणाच्या बरोबर खाली ठेवलं. तोरणाच्या माळा झाकणावर लोंबत होत्या. रंगाला रंग भिडला होता. मी शकीलकडे बघितलं, त्यालाही कळलं होतं. कॅमेऱ्याला आता झाकण आणि तोरण मिळून एकच मोठा नारिंगी डाग दिसणार होता.

रिसेट. तोफ दाराकडे वळली. लाल. पुढे गेली, सगळे हार बघून परत आली. दार. लाल. कुणी "नाही" म्हटलं नाही आता. तिसऱ्यांदा दार. तोफेचं तोंड तर सरळ झाकणाकडेच होतं, झाडली असती तर लागली असती. लाल. तीन फेऱ्या झाल्या की थांबायचं, असं आम्हीच लिहिलं होतं. रणगाडा थांबला आणि लाल दिवा तसाच लागून राहिला.

सर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले की आणखी एकदा रिसेट दाबा, कदाचित जमेल. माझा हात बटणापर्यंत गेला. डोळ्यांसमोर काटे दिसत होते, एक किलोचं वजन, स्क्रू, पुढचा काटा. पण मला त्या यंत्राची बाजू घ्यावीशी वाटली. त्याने जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी हात मागे घेतला.

"साहेब, त्याला खात्री नाही," मी म्हटलं. "म्हणून तो झाडत नाहीये. मी पुन्हा दाबलं तरी तो हेच म्हणणार, आणि ते बरोबर आहे."

कर्नल साहेबांनी चष्मा काढला. रणगाड्यापाशी येऊन ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्या लाल दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मी पंचवीस वर्षं पोरांना तोफ चालवायला शिकवली," ते म्हणाले. "गोळी झाडायला पोरं आठवड्यात शिकतात. न झाडायला शिकवण्यात माझी उरलेली सगळी वर्षं गेली. याला तुम्ही किती वेळात शिकवलं?"

शकील म्हणाला, "पस्तीस मिनिटं."

साहेबांनी आमचा रिपोर्ट काढला, नारिंगी वस्तू आढळली नाही ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं, त्याखाली 'पसंत आहे' असं लिहून सही केली आणि सरांच्या हातात दिला. असे बारा हवेत म्हणाले. मग घड्याळ बघितलं, काकूंना पेढा छान होता म्हणून सांगितलं आणि श्रीखंडाला निघून गेले.

साहेब फाटकाबाहेर पडेपर्यंत मी गंभीर चेहऱ्याने उभी होते. त्यानंतर काय केलं ते मला नीट आठवत नाही. काकू सांगतात की मी रणगाड्याला उचलून कडेवर घेतलं आणि खोलीभर नाचले. घरी जाऊन मी भावाला फोन केला आणि सांगितलं की जावाचं राहू दे.

त्या बारा रणगाड्यांत चिप एकच होती. तिचा कोड शकीलने आणि मी एका टेबलावर बसून लिहिला आणि फारसं भांडलो नाही. फारसं म्हणजे रोज नाही. विभाग पुढे वाढला. मी आता गोदामात चालणाऱ्या गाड्यांना डोळे आणि कान बसवते. काम तेच आहे, बघणं आणि मोजणं, फक्त गाड्या मोठ्या झाल्या आणि गोळ्या गेल्या.

या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडकं आहे. यंत्र कुठे चालणार ते आपण विचारतो. तापमान किती, धूळ किती, वीज जाते का, सगळं लिहून घेतो. तिथली माणसं वर्षभरात काय काय करतात, हे कुणी विचारत नाही. म्हणून माझ्या टेस्टिंगच्या तक्त्यात शेवटचा रकाना 'सणवार' असा असतो. नवीन आलेले इंजिनियर तो बघून हसतात. मी त्यांना काही समजावत बसत नाही. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतःच फडकं घेऊन कॅमेरे पुसायला बसतात, आणि तो रकाना भरूनच घरी जातात.